शंभर फेरे

"इंजिनाला काही झालेलं नाही, भाऊजी," मेहुणा विमानाच्या नाकाखालून सरपटत बाहेर येत म्हणाला. "तेल आहे, पेट्रोल आहे, ठिणगी पडतेय. पंखा हाताने जरा हलवला तर दाबसुद्धा व्यवस्थित लागतोय. मग दम कशाने गेला याचा?"

भाऊजी दहा पावलं मागे, नांगरलेल्या ढेकळांत उभे होते. त्याहून पुढे ते गेले नव्हते. तीन नंबरचं ते दोन खुर्च्यांचं शिकाऊ विमान शेताच्या मधोमध नाक खुपसून पडलं होतं. पुढचं चाक मोडून पोटाखाली गेलं होतं आणि पंख्याचं एक पातं मागे वळलं होतं. सकाळी साडेनऊला ते पडलं तेव्हा आत एकटी शिकाऊ पोरगी होती. खांद्याचं हाड मोडून ती आता इस्पितळात पडली होती. जिवावरचं दुखण्यावर गेलं, असं इस्पितळातून फोन करणारा माणूस म्हणाला होता.

"बंद नाही पडलं हो एकदम," शेताचा मालक कोणी न विचारता सांगत होता. "आधी खोकायला लागलं. मग आवाज बारीक होत होत गेला. आपण जिना चढताना दम लागतो ना, तसं."

भाऊजींना ते ऐकायची गरज नव्हती. आज सकाळपासून हवा दमट होती, धुकं नुकतंच उठलं होतं. अशा हवेत उतरताना इंजिन मंद केलं की कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. बाहेर अंगात स्वेटर घालण्याइतकीसुद्धा थंडी नसते, आणि आत बर्फ. हवेची वाट बुजते, इंजिन गुदमरतं. त्यावर उपायही साधा असतो: समोरचा एक नॉब ओढायचा, की तारेने एक झडप उघडते, धुराड्याभोवतीची गरम हवा आत येते आणि बर्फ वितळतो. विमान पडल्यावर तर तो आपोआपच वितळतो आणि पाणी होऊन निघून जातो. म्हणूनच मेहुण्याला काही सापडत नव्हतं.

मेहुणा पुन्हा आत घुसला. आतूनच त्याचा आवाज आला. "हवेच्या डब्याचा पार चेंदामेंदा झालाय. गरम हवेची तार क्लॅम्पमधून सरकलीय." मग तो थांबला. "आपटल्यावर सरकली असणार. काय वाटतं, भाऊजी?"

भाऊजींनी शेताच्या बांधाकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले.

ती तार आपटल्याने सरकलेली नाही हे त्या शेतात फक्त त्यांना माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं, आणि आज बुधवार होता.

भाऊजी हे काही त्यांचं नाव नव्हे. विमान चालवायला शिकवणाऱ्या या शाळेच्या वर्कशॉपमध्ये ते सत्तावीस वर्षं मेकॅनिक होते, आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं त्यांना सगळे कानसेन म्हणत. नाव एका जुन्या प्रशिक्षकाने ठेवलं होतं. विमान अजून धावपट्टीच्या टोकाला असायचं आणि कानसेन चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा." बघितला तर तिसऱ्याचाच निघायचा. पैजा लागायच्या. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं जायचं, आणि तेही जरा छाती काढून यायचे.

मग बारा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या बायकोच्या धाकट्या भावाला वर्कशॉपमध्ये चिकटवून दिलं. पोर एकोणीस वर्षांचं, आई नसलेलं, बहिणीनेच वाढवलेलं. ते पहिल्या दिवसापासून चार लोकांत त्यांना भाऊजी भाऊजी करू लागलं. महिन्याभरात चौकीदारापासून मुख्य प्रशिक्षकापर्यंत सगळे त्यांना भाऊजी म्हणायला लागले. सबंध वर्कशॉप त्यांचं मेहुणं झालं. कानसेन म्हणणारे एकेक करत निवृत्त झाले, आणि ते नावही त्यांच्याबरोबर घरी गेलं. आपण आता या पोराच्या नात्याने ओळखले जातो, हे भाऊजींच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. ध्यानात आल्यावर मात्र ते कधी गेलं नाही.

या धंद्यात लायसन्स नसलेला माणूस इंजिन खोलू शकतो, जोडू शकतो, पण कागदावर सही करू शकत नाही, आणि सहीशिवाय विमान जमीन सोडत नाही. भाऊजी लायसन्सच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा आपटले. हाताला येत होतं ते पेनात उतरेना. मेहुणा पहिल्या फटक्यात पास झाला. त्या दिवशी भाऊजींनी त्याची पाठ थोपटली, सगळ्यांना स्वतःच्या हाताने मिठाई वाटली, आणि मग मागच्या स्टोअरमध्ये जाऊन एका खोक्यावर बसले. पोटात दुखतं असं लोक म्हणतात ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं, हे त्यांना तिथे कळलं. खरोखरच दुखत होतं, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला.

बायकोने भावाच्या लायसन्सची प्रत फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली. फ्रेम करण्यासारखं दुसरं काही त्या घरात घडलं नव्हतं हेही खरंच. पण सोफा त्या भिंतीच्या बरोबर समोर होता, आणि भाऊजींची सोफ्यावरची जागा ठरलेली होती. चार वर्षं ते रोज संध्याकाळी चहा पिताना मेहुण्याचा फोटो, मेहुण्याचं नाव आणि मेहुण्याचा लायसन्स नंबर बघत आले. नंबर त्यांना पाठ झाला होता.

यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मेहुणा चांगला होता. शिरजोर झाला असता, उलटून बोलला असता तर भाऊजींना मोकळेपणाने त्याचा राग तरी करता आला असता. तो शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहत होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि संध्याकाळी सातला बहिणीकडे जेवायला यायचा. येताना भाऊजींच्या गुडघ्यासाठी मलम आणायचा. वर्कशॉपमध्ये त्याने एक रिवाज कसोशीने पाळला होता. दुरुस्ती झाली की विमान बाहेर काढून इंजिन चालवून बघायचं असतं. लायसन्सवाला आत बसून काटे वाचतो आणि फॉर्म भरतो. मेहुणा आत बसायचा, आणि भाऊजी पंखाच्या टोकाशी उभे राहायचे, डोळे मिटून. प्रत्येक तपासणीनंतर मेहुणा काचेतून त्यांच्याकडे बघून भुवया उंचवायचा. भाऊजी अंगठा वर करायचे, मगच तो पुढे जायचा. तरुण मेकॅनिक त्याला हसायचे. भाऊजींना मात्र ती भीक वाटायची. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून विचारतोय, दुसरं काय.

सोमवारी मेहुणा वर्कशॉपचा चीफ झाला. जुने चीफ निवृत्त झाले होते, आणि लायसन्स असलेल्यांत हाच सगळ्यात हुशार, त्यामुळे त्यात आश्चर्य वाटण्याजोगं काही नव्हतं. दारावर नवी पितळी पाटी लागली. सकाळी घरी बायकोने भावासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, तो घेऊन जाताना तिला दारातच गल्लीतल्या दोन बायका भेटल्या आणि ती पाऊण तास उभ्याने बोलत राहिली. भाऊजींचा शर्ट खुर्चीवर चुरगळलेलाच पडला होता. तो त्यांनी तसाच घातला.

"अहो, मला हाक मारायची ना," ती परत आल्यावर म्हणाली. "दोन मिनिटांचं काम होतं."

"राहू दे. माझ्याकडे कोण बघतंय?"

"आजच्या दिवशी तरी वाकडं बोलू नका. तो तुमचाच आहे ना?"

तो तुमचाच आहे, हे वाक्य बायको वर्षातून दहा वेळा बोलायची. भाऊजींना त्याचा अर्थ आजवर लागला नव्हता. आपला असता तर आपल्या पोटात का दुखलं असतं?

त्याच दिवशी तीन नंबरचं विमान शंभर तासांच्या उड्डाणानंतरची मोठी तपासणी होऊन बाहेर पडायचं होतं. गरम हवेची नवी तार आदल्या संध्याकाळी मेहुण्याने स्वतः घातली होती. चीफ व्हायच्या आधीचं आपल्या हातचं शेवटचं काम, असं म्हणत, हसत, घाईघाईत. इंजिन सुरू झालं, तापलं, मिनिटाला सतराशे फेऱ्यांवर आलं. मेहुण्याने आत नॉब ओढला. गरम हवा आत आली की इंजिनाचा जोर जरा कमी होतो. काट्यावर शंभर फेरे उतरायला हवेत, आवाज अर्धा सूर खाली यायला हवा.

तो आला नाही. तीस उतरले असतील, फार तर पस्तीस. क्लॅम्प सैल होता. नॉब पुरा ओढला जात होता आणि तार आतल्या आत घसरत होती, झडप जेमतेम फटीएवढी उघडत होती. भाऊजींना हे एखाद्याने कानात सांगावं इतकं स्पष्ट ऐकू आलं.

त्यांनी डोळे उघडले. काचेमागे मेहुणा नव्या शर्टात बसला होता आणि त्याने भुवया उंचवल्या होत्या.

समोर काटा आहे, भाऊजींच्या मनात आलं. बघ ना. चीफ आहेस. पाटी लागलीय दारावर. तुझ्याच हातचं काम आहे, तुझ्याच डोळ्यांनी बघ.

आणि त्यांनी अंगठा वर केला.

त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ते खरंच नव्हतं. हवा गेले तीन आठवडे कोरडी ठणठणीत होती, बर्फाचा प्रश्नच नव्हता. मेहुण्याला काट्यावर दिसेल, तो खजील होऊन उतरेल, क्लॅम्प आवळेल, एवढंच. पण मेहुणा उतरला तो फॉर्मवर सही करूनच. मग भाऊजींनी ठरवलं की आता गुरुवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, अगदी सहज म्हणायचं: चीफसाहेब, तीन नंबरची तार जरा बघून घ्या. मंगळवारभर त्यांनी ते वाक्य घोळवलं. कधी 'चीफसाहेब' आधी घातलं, कधी शेवटी. इतक्या वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. त्या रात्री त्यांना झोपही चांगली लागली.

बुधवारी सकाळी खिडकीबाहेर धुकं होतं. भाऊजी दाढी अर्धी टाकून निघाले. ते पोचले तेव्हा तीन नंबरची जागा रिकामी होती.

गुरुवारी दुपारी ते इस्पितळात गेले. पोरगी उशीला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. शाळेत ती मेकॅनिक लोकांशी नावाने बोलणाऱ्यांपैकी होती, उतरल्यावर विमान स्वतः पुसायची. भाऊजींना बघून तिचे डोळे भरून आले.

"काका, मी गरम हवा ओढली होती," ती म्हणाली. "आवाज पहिल्यांदा बदलला तेव्हाच ओढली. पुरी ओढली. काही झालं नाही. ते सगळे म्हणतायत, उशिरा ओढली असशील, घाबरल्यावर आठवत नाही. मला आठवतंय हो."

"तू घाबरली नव्हतीस?"

"खूप घाबरले होते. पण हात गेला होता नॉबवर."

"निघायच्या आधी ओढून बघितली होतीस?"

"बघितली ना. काटा हलला. थोडाच हलला, पण हलला म्हणजे झालं असं वाटलं. काटा त्या विमानाचा तसाही नाचतो." तिने नाक पुसलं. "शाळा माझं नाव कमी करणार आहे, काका. शनिवारी तपासवाले साहेब अहवाल देणार. पायलटची चूक म्हणून लागलं तर दुसरी कुठली शाळा पण घेणार नाही. तुम्हाला तरी पटतंय का माझं?"

"पटतंय," भाऊजी म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात सगळे."

माझं कोण ऐकतं, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

इस्पितळ ते घर हे अंतर ते चालत आले. सांगायचं ठरवावं तर मनात दुसरंच वर येत होतं. सांगितलं तर मेहुण्याची खुर्ची जाणार, लायसन्स जाणार, पाटी उतरणार. आणि या विचाराने त्यांना आतून कुठेतरी बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नव्हता. मग आपण या पोरीसाठी सांगणार की त्याचं वाकडं व्हावं म्हणून? आणि गप्प बसलो तर त्याला वाचवायला बसणार की स्वतःला? काहीही केलं तरी त्यात मत्सराचा हात होताच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबून त्यांनी मनाशी कबूल केलं की हेतू स्वच्छ व्हायची वाट बघत बसलो तर पोरगी घरी बसेल.

घरी बायको स्वयंपाकघरात होती. "कालपासून तो नीट जेवला नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "चीफ होऊन तीन दिवस झाले नाहीत तोवर हे. कुणाची दृष्ट लागली कोण जाणे."

भाऊजी दारातच उभे राहिले.

"तुम्ही त्याला धीर द्या हो," ती वळून म्हणाली. "माझ्यापेक्षा तुमचं ऐकतो तो. मघाशी म्हणत होता, भाऊजींनी बघितलंय, म्हणजे इंजिनात खोट नव्हतीच."

सांगायला तोंड उघडलं होतं, पण भाऊजींनी पाणी मागितलं.

शनिवारी तपास अधिकारी शाळेच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबलाशी बसले होते. समोर कागदांचे गठ्ठे, शेजारी विमानातून काढलेली गरम हवेची तार प्लॅस्टिकच्या पिशवीत. मेहुणा त्यांच्यासमोर बसला होता, त्याचा जबाब जवळपास संपत आला होता. भाऊजी दार लोटून आत आले आणि कुणी बसा म्हणायच्या आत बोलायला लागले.

"साहेब, तो क्लॅम्प आपटून सैल झालेला नाही. सोमवारपासून सैल होता."

"कशावरून?"

"गरम हवा ओढल्यावर शंभर फेरे उतरायला हवेत. तीस उतरले."

"तुम्ही काटा बघितलात?"

"नाही. मी बाहेर उभा होतो. ऐकलं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "ऐकलं. बाहेरून. शंभर आणि तीसमधला फरक."

"हो."

"लायसन्स आहे तुमच्याकडे?"

"नाही."

ते काही तुसडे गृहस्थ नव्हते. त्यांनी फॉर्म भाऊजींपुढे सरकवला. "हे बघा, मला आकडा लागतो. इथे शंभर लिहिलंय, खाली लायसन्सवाल्यांची सही आहे. तुमचा कान मी कुठल्या रकान्यात भरू, सांगा?"

भाऊजींचा तिळपापड झाला. सत्तावीस वर्षं इंजिनात घातली, त्यातलं एकही त्यांच्या नावावर नव्हतं, आणि आज चूक कबूल करायला आले तर तीही त्यांच्या नावावर लागत नव्हती. सही त्याची, पाटी त्याची, आणि गुन्हासुद्धा त्याचाच. त्या क्षणी त्यांना मेहुण्याच्या गुन्ह्याचाही हेवा वाटला, आणि तो वाटला याची लाज वाटली.

"ऐकू आलं होतं तर तेव्हाच का नाही बोललात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बोललो नाही. उलट अंगठा वर केला."

"म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे अशी खूण केली. ठीक नाही हे माहीत असून."

मेहुण्याने मान वर केली. त्याने आता एवढंच म्हणणं पुरेसं होतं: मी काटा बघितला, शंभर उतरले होते. बस. म्हाताऱ्याचं काही ऐकू नका, त्याला माझ्या बढतीपासून बरं वाटत नाहीये. ते खोटंही ठरलं नसतं. भाऊजी त्याच्याकडे न बघता त्याची वाट बघत होते.

"साहेब," मेहुणा म्हणाला, "फॉर्मवरचे शंभर खोटे आहेत. मी काटा बघितला नव्हता."

"बघितला नव्हता?"

"मी कधीच बघत नाही. त्या जुन्या काट्यांचा भरवसा नसतो, थरथरत असतात. चार वर्षं मी भाऊजींकडे बघतोय. त्यांनी अंगठा वर केला की मी शंभर लिहितो."

"हे तुम्ही लेखी द्याल? काय होईल माहितीय ना?"

"माहितीय. कागद द्या."

तो लिहायला लागला. भाऊजी उभेच होते. भीक वाटत होती ती भीक नव्हती, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते आता कळून काही उपयोग नव्हता. चार वर्षं ही विमानं त्यांच्या शब्दावर उडत होती. सही दुसऱ्याची होती म्हणून ते जळत राहिले.

बाहेरच्या बोळात मेहुणा त्यांची वाट बघत थांबला होता.

"का?" त्याने विचारलं.

"तू चीफ झालास, ते मला बघवलं नाही," भाऊजी म्हणाले. "तू लायसन्स काढलंस तेव्हापासूनच बघवत नव्हतं. जळत होतो तुझ्यावर."

मेहुण्याला राग यायला हवा होता. पण चेहऱ्यावर निव्वळ गोंधळ होता, एखादा हिशेब पुन्हा पुन्हा करूनही जुळू नये तसा.

"माझ्यावर?" तो म्हणाला. "भाऊजी, मला अजून काहीच ऐकू येत नाही हो. बारा वर्षं तुमच्या शेजारी उभं राहून कान लावतोय. मला सगळी इंजिनं सारखीच वाटतात. मला वाटायचं, तुम्हाला ते कधीतरी कळेल आणि तुम्ही मला घरी पाठवाल."

"पोरगी मेली असती," मेहुणा हळूच म्हणाला.

"हो."

मग तो गेला.

अहवालात पोरीची चूक लागली नाही. खांदा भरून आल्यावर ती पुन्हा शिकायला येणार होती. मेहुण्याचं लायसन्स एका वर्षासाठी अडकलं, खोटा आकडा लिहिल्याबद्दल. चीफचं पद गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नोकरी सोडली. आता तो बसस्टँडजवळच्या एका गॅरेजमध्ये मोटारींचे ब्रेक बदलत होता. भाऊजींना फक्त समज देणारं अर्ध्या पानाचं पत्र मिळालं. लायसन्सच नव्हतं, तर काढून काय घेणार? नवा चीफ बाहेरून आला. तो इंजिन चालवताना काट्याकडे बघायचा, बाहेर कोण उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, आणि खरं तर तेच बरोबर होतं.

बायकोला सगळं भावाकडूनच कळलं. ती रडली नाही, बोल लावला नाही. पहिले चार आठवडे ती दूध आणा, बिल भरा, गुडघ्याला मलम लावा, एवढंच बोलत होती. मेहुणा जेवायला यायचा थांबला होता. सातला ताटं घेताना तिचा हात तिसऱ्या ताटाकडे जायचा आणि परत यायचा. पाचव्या आठवड्यात एके दिवशी भाऊजी न राहवून म्हणाले, "तू एकदा मला काय ते बोलून तरी टाक."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुमच्या पोटात एवढं दुखत होतं आणि मी बारा वर्षं त्याचंच कौतुक तुम्हाला ऐकवत राहिले. मला दिसायला हवं होतं. पण ती पोरगी, अहो. तिलापण आई असेल."

त्याच संध्याकाळी ती चपला घालून भावाच्या खोलीवर गेली. तासाभराने परत आली, पदराने तोंड पुसलं आणि कणीक मळायला बसली.

"तो उद्यापासून जेवायला येतो म्हणाला," तिने सांगितलं. "एकटा काहीबाही खातो, पार वाळलाय."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "मी उद्या येताना काही आणू का त्याच्यासाठी?"

ती कणकेत पाणी घालत होती. घालून झाल्यावर तिने वर पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"काही आणू नका," ती म्हणाली. "तो सातला येईल. तुम्ही आठला येत जा."

दुसऱ्या दिवशी भाऊजी वर्कशॉपमध्ये जितकं रेंगाळता येईल तितकं रेंगाळले. अवजारं दोनदा पुसून झाली. नवा चीफ दिवे मालवायला आला तेव्हा निघावंच लागलं. बस नेमकी लगेच मिळाली, आणि साडेसातलाच ते घरासमोर येऊन पोचले. समोरच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं. त्यावर ते बसले. दुकानदाराने विचारलं, कुणाची वाट बघताय, भाऊजी? ते म्हणाले, बसलोय जरा.

वर स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता. भांड्यांचा आवाज येत होता, आणि मधूनच बायकोचा. पुष्कळ दिवसांनी ती सलग बोलत होती. काय बोलत होती ते इथवर येत नव्हतं. मग खुर्ची सरकली. थोड्या वेळाने मेहुणा जिना उतरून खाली आला, हातात डबा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. तो गल्लीच्या वळणाकडे चालत गेला आणि वळला.

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी होते. ती पाच मिनिटंही त्यांनी तिथेच बसून काढली.